नवीकोरी मोठी जहाजंसुद्धा तीन-चार रात्रींच्याच क्रूझवर का लावतायत?

सायली_वाचते

आईबाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे, त्यासाठी दोघांना क्रूझवर न्यायचं ठरतंय. भाऊ-वहिनी फ्लोरिडात असतात, म्हणून तिथून निघणाऱ्या क्रूझ बघतेय. मनात सात रात्रींची होती. पण शोधायला बसलं की तीन रात्री, चार रात्री, परत तीन रात्री. एकच जहाज शुक्रवारी निघतं, सोमवारी परत येतं आणि त्याच सोमवारी संध्याकाळी चार रात्रींसाठी पुन्हा निघतं. थांबे तेच दोन: बहामाजमधलं नासाऊ आणि कंपनीचं स्वतःचं बेट.

बऱ्याच वर्षांपूर्वी मावशी गेली होती, तेव्हा तिला एजंटने सांगितलं होतं की छोट्या फेरीला जुनं जहाज मिळतं, नवं हवं तर आठवडाभराची घ्या. आता तर जाहिरातीतलं सगळ्यात नवं जहाजच छोट्या फेरीवर दिसतंय.

मला कळत नाहीये ते हे. हजारो माणसं उतरवायची, खोल्या साफ करायच्या, किराणा भरायचा, नवी माणसं चढवायची. हे आठवड्यातून एकदा करण्याऐवजी दोनदा करायचं म्हणजे डोकेदुखीही दुप्पट आणि खर्चही. मग कंपन्यांना ते परवडतं कसं? आणि आईबाबांसाठी काय घ्यावं? बाबांचे गुडघे दुखतात, आईला गर्दी सोसत नाही.

रविवारवाला

रजा, दुसरं काय. आम्ही दोघं नोकरी करतो, मुलांच्या शाळा असतात. आठवडाभराची रजा एकाच वेळी दोघांना मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. शुक्रवार-सोमवार असेल तर एखाद-दोन दिवसांच्या रजेत काम होतं. शिवाय फ्लोरिडात आणि आसपास राहणारे लोक गाडी काढून थेट बंदरावर जातात, विमानाचं तिकीट वाचतं. ऑर्लँडोच्या थीम पार्कांना आलेली कुटुंबंही तासाभरात पोर्ट कॅनाव्हरल बंदराला पोचतात आणि सहलीला तीन रात्री जोडून टाकतात. मागणी आहे म्हणून जहाजं लावतात.

हेलकावा

रविवारवाला म्हणतात ते खरं आहे, पण गिऱ्हाईक का येतं एवढंच त्यातून कळतं. कंपनीला त्यात काय दिसतं, हे मी सांगू शकेन. मी क्रूझ जहाजांवर हाऊसकीपिंगमध्ये होतो, आधी केबिन स्टुअर्ड, नंतर सुपरवायझर. सुरुवात सात रात्रींच्या जहाजावर केली आणि शेवटची कॉन्ट्रॅक्टं तीन-चार रात्रींवर काढली. दोन्ही बाजू आतून पाहिल्या आहेत. कंपनीचं नाव घेत नाही.

सायलीताई, काम दुप्पट होतं हे तुम्ही बरोबर ओळखलंत. खर्च मात्र दुप्पट होत नाही. जहाजावरची माणसं कॉन्ट्रॅक्टवर असतात, सलग कित्येक महिने तिथेच राहतात. टर्नअराउंडच्या दिवशी, म्हणजे सकाळी जुने प्रवासी उतरून दुपारी नवे चढतात त्या दिवशी, जादा काम तेच लोक ओढतात. धक्क्यावरचे हमाल आणि टर्मिनल यांचा खर्च वाढतो. पण कर आणि बंदरशुल्क तर प्रवाशाच्या बिलात वेगळं लावलेलंच असतं.

आता मिळकत. मोठ्या अमेरिकी क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नात साधारण एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरचा असतो: दारू, कॅसिनो, स्पा, फोटो, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, पैसे देऊन जेवायची हॉटेलं. हा खर्च माणूस रोज सारखा करत नाही. आठवडाभराच्या फेरीत पहिले दोन-तीन दिवस हात सैल असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो बिल बघतो आणि सावरतो. बुफेतला चहा घेऊन डेकवर पुस्तक वाचत बसतो. मला हे केबिनमध्ये शिरल्या शिरल्या कळायचं. सुरुवातीला टेबलावर कॉकटेलचे रिकामे ग्लास, स्पाचं माहितीपत्रक, फोटो गॅलरीची पिशवी. आठवड्याच्या शेवटी बुफेतून आणलेली सफरचंदं आणि अर्धवट वाचलेली कादंबरी.

तीन रात्रींचा प्रवासी त्या पुस्तकाच्या टप्प्यावर पोचतच नाही. तो वाढदिवसाला आलेला असतो, नाहीतर मैत्रिणीचं लग्न ठरलं म्हणून. स्टेक हाऊसमध्ये एकदा जेवायचंच, मसाज एकदा घ्यायचाच, कुटुंबाचा एक चांगला फोटो काढायचाच. माणूस एका सुट्टीत जी गोष्ट एकदाच करतो, ती कंपनी आता आठवड्यात दोनदा विकते. सगळ्याचा गाभा हाच आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीचं 'युटोपिया ऑफ द सीज' हे जहाज घ्या. एका केबिनमध्ये दोन माणसं धरून त्याची क्षमता ५,६६८ आहे. सात रात्रींवर लावलं असतं तर आठवड्यात तेवढीच गिऱ्हाइकं. तीन अधिक चार केल्यावर ११,३३६. आणि सुट्टीत बऱ्याच केबिनमध्ये तिसरं-चौथं माणूस असतं, ते यात धरलेलंच नाही.

दुसरं म्हणजे बेट. पूर्वी छोट्या फेरीत दाखवायला फारसं काही नसायचं. नासाऊला उतरा, बाजारात चक्कर मारा, परत या. तिथे खर्च केलेला पैसा नासाऊच्या टॅक्सीवाल्याकडे, हॉटेलवाल्याकडे, दुकानदाराकडे जायचा. मे २०१९ मध्ये रॉयल कॅरिबियनने बहामाजमधल्या कोकोके या आपल्या बेटावर 'परफेक्ट डे' सुरू केलं. त्यावर सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं. घसरगुंड्यांचं मोठं वॉटरपार्क, त्याचं तिकीट वेगळं. सावलीची खासगी झोपडी हवी, तिचं भाडं वेगळं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एमएससी या क्रूझ कंपनीने ओशन के हे बेट उघडलं. ती पूर्वी वाळू उपसायची जागा होती. डिस्नेचं कॅस्टअवे के १९९८ पासून आहेच, जून २०२४ मध्ये त्यांनी एल्युथेरा बेटावर लुकआउट के जोडलं. जुलै २०२५ मध्ये कार्निव्हलने ग्रँड बहामावर सुमारे ६० कोटी डॉलरचं सेलिब्रेशन की सुरू केलं. एवढा पैसा ओतल्यावर तिथे रोज जहाजं लागलीच पाहिजेत. फ्लोरिडातून तिथे जास्तीत जास्त माणसं न्यायची तर छोट्या फेऱ्यांइतकं सोयीचं काही नाही.

तुमच्या मावशीला एजंटने सांगितलं ते तेव्हाचं वास्तव होतं. जुनी होत चाललेली जहाजं छोट्या फेऱ्यांवर टाकायची पद्धतच होती. २०२० मध्ये क्रूझ बंद पडल्या आणि त्यातली कितीतरी जहाजं भंगारात गेली. कार्निव्हलची फँटसी, इन्स्पिरेशन, इमॅजिनेशन ही तिन्ही तुर्कस्तानात अलियागाच्या किनाऱ्यावर तोडली गेली. त्यातली शेवटची दोन कॅलिफोर्नियातून छोट्या फेऱ्याच करायची. जागा रिकामी झाली ती नव्या जहाजांनी घेतली. २०२२ मध्ये 'डिस्ने विश' तीन-चार रात्रींसाठीच आलं. जुलै २०२४ मध्ये युटोपिया आलं. ओएसिस वर्गातलं, म्हणजे रॉयल कॅरिबियनच्या अवाढव्य जहाजांच्या मालिकेतलं, पहिल्या दिवसापासून छोट्या फेऱ्यांवर लावलेलं ते पहिलंच जहाज. 'वंडर ऑफ द सीज'सुद्धा त्याच वर्षी मायामीतून छोट्या फेऱ्यांवर गेलं.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. पहिल्यांदा क्रूझवर येणाऱ्याला आठवडाभराची भीती वाटते. समुद्र लागला तर? कंटाळा आला तर? तीन रात्रींना तो हो म्हणतो. जहाजावर पुढच्या क्रूझच्या बुकिंगचं काउंटर असतं. खूश झालेला माणूस तिथेच अनामत भरून सात रात्रींची घेऊन टाकतो.

इंजिनरूम

हेलकावा यांनी वरच्या डेकचं सांगितलं, मी खालचं सांगतो. मायामी ते नासाऊ अंतर दोनशे सागरी मैलांच्या आत आहे. संध्याकाळी निघा, बारा-चौदा नॉट्सने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) रमतगमत जा, सकाळी पोचता. मायामी ते कॅरिबियनमधलं सेंट थॉमस बेट सुमारे हजार सागरी मैल. ते दोन दिवसांत गाठायचं तर वीस नॉट्सच्या आसपास धावावं लागतं.

जहाज पाण्यातून ढकलायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. बारा नॉट्सला जेवढी शक्ती लागते, त्याच्या साधारण साडेचार पट वीस नॉट्सला. म्हणजे जवळचं बंदर असलं की अंतरही कमी आणि प्रत्येक मैलाला जळणारं इंधनही कमी. एसी, स्वयंपाकघर, लॉण्ड्री, गोड्या पाण्याचा प्लांट यांचा विजेचा भार मात्र जहाज उभं असलं तरी चालूच राहतो. त्यामुळे बचत होते ती चालवण्याच्या इंधनात.

एक गंमतशीर उलट बाजू आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं कार्बन तीव्रतेचं मानांकन २०२३ पासून लागू झालं. ते उत्सर्जनाला कापलेल्या अंतराने भागतं. बंदरात जास्त वेळ उभ्या राहणाऱ्या जहाजाचं अंतर कमी भरतं, म्हणून एकूण इंधन कमी जाळूनही त्याचा आकडा वाईट दिसू शकतो. क्रूझवाल्यांची त्याबद्दल तक्रार आहे, आणि मला ती रास्त वाटते.

आणि थांबे तेच तेच का, याचं एक कारण कायद्यात आहे. अमेरिकेचा १८८६ चा प्रवासी जहाज कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात सोडू देत नाही. निघालेल्या बंदरालाच परतायचं असलं तरी प्रत्यक्षात मध्ये एक परदेशी बंदर करावं लागतं. जवळपास सगळ्या मोठ्या क्रूझ जहाजांचा झेंडा परदेशी आहे. मग फ्लोरिडातून बहामाज आणि लॉस एंजेलिसहून मेक्सिकोतलं एन्सेनाडा, कारण तीन रात्रींत जाऊन येण्याजोगं दुसरं फारसं काही नाहीच.

आकडेमोड

छोटी फेरी स्वस्त पडते असं सगळे म्हणतात. दर रात्रीचा हिशेब केला की मला ती बऱ्याचदा महाग दिसते. बरोबर बघतोय का?

आणि हे सगळं नवीन असल्यासारखं बोलतोय आपण. मायामीतला आधुनिक क्रूझचा धंदाच छोट्या फेऱ्यांनी सुरू झाला. डिसेंबर १९६६ मध्ये क्नुट क्लोस्टर आणि टेड अॅरिसन यांनी 'सनवर्ड' मायामीहून नासाऊला तीन-चार दिवसांच्या फेऱ्यांवर सोडलं. मुळात ते ब्रिटन आणि जिब्राल्टरदरम्यान गाड्या-प्रवासी नेण्यासाठी बांधलेलं जहाज. स्पेनच्या राजकारणामुळे तो मार्ग बसला म्हणून ते इकडे आलं. पुढे अॅरिसनने १९७२ मध्ये कार्निव्हल काढली. रॉयल कॅरिबियनचं १९९० चं 'नॉर्डिक एम्प्रेस' तर खास तीन-चार रात्रींसाठीच बांधलेलं होतं.

हेलकावा

आकडेमोड, बरोबर बघताय. एकूण रक्कम लहान दिसते म्हणून लोक पटकन हो म्हणतात. दर रात्रीला भागलं की नव्या जहाजावरची शुक्रवारची फेरी बऱ्याचदा जास्त पडते. त्यात बंदरशुल्क थांब्यांप्रमाणे लागतं, ते तीन रात्रींवर विभागलं की आणखी टोचतं. शिवाय तीन रात्री म्हणजे हातात पूर्ण दिवस दोनच. शुक्रवारी दुपारी चढलात, सोमवारी सकाळी नाश्ता उरकेपर्यंत उतरायची घोषणा. त्यातही रविवारी रात्री बॅगा भरून बाहेर ठेवायच्या.

सनवर्डचंही खरं. फरक असा की तेव्हा छोटी फेरी म्हणजे परवडणारी सुट्टी होती. आता ती कंपनीची सगळ्यात चकचकीत वस्तू झाली आहे.

सायलीताईंनी डोकेदुखी दुप्पट म्हटलं, त्यावर थोडं लिहायचं आहे. ती कुणाची होते हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

टर्नअराउंडच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये बॅगांच्या रांगा लागतात. त्या आपणच उचलून, ट्रॉलीत रचून खाली आय-९५ वर न्यायच्या. खालच्या डेकवर जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा क्रूचा जो मुख्य रस्ता असतो, त्याला अमेरिकी जहाजांवर आय-९५ म्हणतात. मध्यरात्र उलटते. सकाळी सहाला पुन्हा हजर. प्रवासी नाश्त्याला गेले की केबिनमध्ये शिरायचं. चादरी, अभ्रे, टॉवेल ओढून बोचकं दारात. गाद्या तपासायच्या, बाथरूम वरपासून खालपर्यंत, तिजोरी उघडी आहे ना, कपाटात कुणाचं काही राहिलंय का, पलंगाखाली टॉर्च मारून बघायचं. मधल्या दिवसांची सफाई आणि ही सफाई यांची तुलनाच नाही. साडेदहाला शेवटचा प्रवासी उतरतो आणि दुपारी एकच्या सुमारास नवा प्रवासी बॅग घेऊन दारात उभा. मग संध्याकाळी मस्टर, म्हणजे आपत्कालीन कवायत. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज २०१२ मध्ये खडकावर आपटून कलंडलं, त्यानंतर नियम बदलला. आता निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर नव्या प्रवाशांचं मस्टर घ्यावंच लागतं. नियम चांगला आहे, हवाच. पण आमच्यासाठी तो आठवड्यातून दोनदा येतो. आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे क्रूसाठी प्रवाशाच्या बिलात लागणारी टिप, असते ती दर माणशी दर दिवशी. फेरी एक असो वा दोन, आठवड्याचे दिवस सातच, म्हणजे रक्कम तीच.

विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे: २४ तासांत किमान १० तास, सात दिवसांत किमान ७७. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत देता येतात आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. टर्नअराउंडच्या दिवशी वेळापत्रक अगदी त्या काठावर नेऊन ठेवलेलं असतं. आठवड्यातून एकदा तसं झालं की शरीर भरून काढतं. दर तीन-चार दिवसांनी झालं की काढत नाही. माझ्या हाताखालची चांगली, तरबेज माणसं कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आत पाठ धरून घरी गेलेली मी पाहिली आहेत. मला त्याचा राग येतो, आजही येतो. नव्या जहाजावर पोहण्याचा तलाव वाढवतात, तर टर्नअराउंडला प्रत्येक सेक्शनवर एक जादा माणूसही द्यावा. छोट्या फेऱ्यांतून जी मिळकत वाढते, तिच्यापुढे तो खर्च फार नाही.

दुसरं नुकसान प्रवाशाचं आहे. सात रात्रींच्या जहाजावर एक आजोबा होते. त्यांना दुपारी चारला बर्फ लागायचा, इन्सुलिन गार ठेवायला. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी आठवण केली, तिसऱ्या दिवसापासून मी न सांगता आणायचो. पाचव्या दिवशी ते दार उघडून वाट बघत उभे असायचे, दोन मिनिटं गप्पा व्हायच्या. तीन रात्रींवर मला लोकांची नावं पाठ होईपर्यंत ते उतरलेले असायचे. जिव्हाळ्याने काम करणाऱ्याला हे फार लागतं.

सायली_वाचते

हे सगळं वाचून सुन्न झाले. केबिन साफ करणाऱ्या माणसाचा आठवडा कसा जातो, याचा मी कधीच विचार केला नव्हता. मनापासून आभार.

आता आईबाबांचं सांगा. सात रात्रीच घ्यायची का? की त्याच जहाजावर तीन आणि चार जोडून घ्यायच्या?

हेलकावा

जोडून नका घेऊ. तेच नासाऊ, तेच बेट आठवड्यात दोनदा होईल, आणि मध्ये टर्नअराउंडच्या दिवशी पासपोर्ट तपासणीसाठी तुम्हालाही उठून खाली जावं लागेल.

तुमचे आईबाबा पहिल्यांदाच जाणार असतील आणि समुद्र लागण्याची खरीच भीती असेल, तर चार रात्रींची सोमवार-शुक्रवार घ्या. शुक्रवारच्या फेरीत पार्टीला आलेले घोळके जास्त असतात, आईंना ते सोसणार नाही. सोमवारची शाळेच्या सुट्ट्या सोडून घेतलीत तर पुष्कळ शांत असते. पण भीती नसेल तर सात रात्री, आणि जहाज सगळ्यात नवं नसलं तरी चालेल. निदान दोन पूर्ण दिवस समुद्रावरचे असतील अशी बघा. चाळीस वर्षं संसार केलेल्या जोडप्याला डेकवर एकत्र बसायला वेळ मिळू दे, वॉटरपार्क त्यांना काय करायचंय.

बाबांच्या गुडघ्यांसाठी एक आवर्जून विचारा: प्रत्येक थांब्याला जहाज धक्क्याला लागतं का, की टेंडर, म्हणजे छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात? हलत्या बोटीत पाय टाकणं दुखऱ्या गुडघ्याला त्रासाचं असतं, आणि लाटा असल्या की तो थांबाच रद्द होतो. कोकोकेला आणि सेलिब्रेशन कीला धक्का आहे. केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा. आईबाबांकडे अमेरिकी पासपोर्ट नसेल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते तिकीट काढायच्या आधी बघा, कारण बहामाजला पाय लावलात की अमेरिकेत परत शिरणं ही नवी एंट्री धरतात.

आणि ग्रॅच्युइटी बिलात आपोआप लागते. काउंटरवर जाऊन ती काढून टाकू नका. काही लोक टाकतात.

इंजिनरूम

केबिनचा नकाशा बघताना वर-खाली काय आहे तेही पाहा. वर बुफे किंवा जॉगिंग ट्रॅक असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचे आणि पळण्याचे आवाज. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा घ्या.